आंबट बरण्यांचं घर

आमसूल नाही, चिंच नाही, कैरी नाही. लिंबू मिळतं, पण ते दूरच्या उन्हाळी देशांतून येतं आणि किमतीची चिठ्ठी मिरवत बसतं. मग या पोलिश माणसांनी इतकी शतकं आंबट आणलं कुठून?

पोलंडचं जेवण म्हणजे बटाटा, मांस आणि वर घट्ट साय, असं इथे चार दिवस राहून गेलेले पाहुणे घरी जाऊन सांगतात. खोटं नाही ते. पण आमटीतल्या शेंगा मोजून आमटीची चव सांगावी तसं ते होतं. या जेवणाचा कणा आंबट आहे. एका जेवणात चार पदार्थ असतील तर दोघातिघांना तरी आंबटाची धार असते, आणि प्रत्येकाचं आंबट निराळं. कोबीचं जरा उग्र, बीटचं मातकट आणि मागून गोड, काकडीचं खारट नि तरतरीत, राई या धान्याच्या (मोहरी नव्हे) पिठाचं संथ, भारदस्त. हॉटेलात हे फारसं कळत नाही. हॉटेलवाल्याला घाई असते. तो व्हिनेगर ओततो नाहीतर लिंबूसत्त्वाची चिमूट टाकतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. म्हणून माझं म्हणणं, पोलिश स्वयंपाक घरी करावा. सगळा जमला नाही तरी निदान बरण्या घरच्या असाव्यात.

आंबट इथे अजिबात पिकत नाही असं नाही. वसंतात कुरणांवर आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातली पानं उगवतात. त्यांचं हिरवं सूप करतात आणि त्यात उकडलेल्या अंड्याचे काप सोडतात. उन्हाळ्यात आंबट चेरी येतात. पण ही सगळी चार दिवसांची चैन. नोव्हेंबरात जमीन काळी पडते, आणि मग वसंत येईपर्यंत पूर्वी घरात काय असायचं? जमिनीखालचं जे टिकतं ते. बटाटा, बीट, गाजर, कांदा. शिवाय कोबीचे गड्डे आणि राईचं पीठ. एवढ्यावर हिवाळा काढायचा म्हणजे आंबट माणसाने स्वतःच घडवायला हवं. मीठ मात्र मुबलक होतं. क्राकूफजवळ व्येलिच्काच्या खाणीतून तेराव्या शतकापासून मीठ निघत आलं, ते अगदी 1996 पर्यंत. कोबीच्या पानावर, काकडीच्या सालीवर, पिठाच्या कणात जे जिवाणू मुळातच बसलेले असतात, त्यांतल्या नासवणाऱ्यांना मीठ आवरतं आणि आंबवणाऱ्यांना वाट करून देतं. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. बाकी सगळं माणसाचं थांबणं.

मी कोल्हापूरची. तांबड्या-पांढऱ्याच्या गावची. त्यामुळे मिरचीशिवाय जेवण जमेल का, असं माहेरच्या सगळ्यांनी मला विचारून झालं आहे. जमतं. मिरचीची आठवण येते ती पोळीभाजी करताना येते. या आंबटाच्या शेजारी मला मिरची सुचतही नाही. काही मंडळी बिगोसमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या आणि मांसाच्या इथल्या पदार्थात, कांदा-लसूण मसाला घालून त्याला ‘आपल्या चवीचा’ करतात. करोत बापडी. मग तो कोबीचा झणझणीत रस्सा होतो, चांगला लागतो, पण त्यासाठी कोबी आठवडेच्या आठवडे आंबवायची काही गरज नव्हती.

व्रोत्सवाफ शहरात आमच्या समोरच्या दारी एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, कानाने तिखट. मला त्या ‘लेकरा’ म्हणतात. जुलै लागला की सकाळी दार वाजतं आणि आजी पिशवी घेऊन उभ्या असतात. आम्ही हाला तार्गोवा या मंडईत जातो. 1908 ची इमारत, बाहेरून लाल विटा आणि आत डोक्यावर काँक्रीटच्या उंच कमानी. त्या कमानींखाली काकड्यांचे ढीग, आणि ढिगांशेजारी दोऱ्याने बांधलेल्या जुड्या. जुडीत शेपूचा फुलोरा, झणझणीत मुळाचा तुकडा (ख्शान म्हणतात त्याला, किसताना डोळ्यांतून धारा लागतात), त्याचंच एखादं लांब पान आणि लसणाचा गड्डा. काकडीच्या बरणीला लागेल ते सगळं एका दोऱ्यात. आपल्याकडे शेपूला फुलोरा आला की जुडी जून म्हणून टाकून देतात. इथे बरणीला तो जून फुलोराच हवा, कोवळ्या पानांत तेवढा दम नसतो.

काकडी निवडणं हे आजींचं काम, त्यात मला मत नाही. तळहातापेक्षा लांब नको, सालीवर खडबडीत पुटकुळ्या हव्यात, वाकवली तर मोडली पाहिजे, लवता कामा नये. ‘सकाळी तोडलेली घे. कालची असेल तर सायीत कोशिंबीर कर, बरणीत घालू नकोस. आतून पोकळ होते.’ घरी आणून काकड्या गार पाण्यात दोनेक तास ठेवायच्या. मग बरणीच्या तळाशी फुलोरा, लसूण, ख्शानचे तुकडे. वर काकड्या उभ्या, इतक्या दाटीने की शेवटची दाबून बसवावी लागते. एक लिटर पाण्याला मोठा चमचा शीग लावून मीठ, तेही बिनआयोडीनचं. वर आंबट चेरीचं नाहीतर ओकचं पान. त्या पानातल्या तुरटपणाने काकडी कुरकुरीत राहते. बस्स, एवढंच. तेल नाही, फोडणी नाही, ऊन नाही.

दुसऱ्या दिवशी काही होत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी गढुळतं. बरणीला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते, आणि काकडीचा भडक हिरवा रंग मावळून ऑलिव्हकडे झुकायला लागतो. या टप्प्यावर निम्म्या बरण्या संपतात, कारण अर्धवट आंबलेली, आतून अजून ताजी असलेली ही काकडी लोण्याच्या पावाबरोबर खायला सगळं घर टपलेलं असतं. उरलेल्या तळघरात जातात. जानेवारीत त्याच काकड्या किसून, बटाटा-गाजर घालून सूप होतं, आणि त्यात बरणीतलं पाणीही पडतं. ते पाणी कोणी फेकत नाही. आदल्या रात्री जास्त झालेल्यांना सकाळी तेच पाजतात, असं आजी अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगतात. दिवंगत आजोबांचं नाव त्या घेत नाहीत.

कोबीचं काम ऑक्टोबरात. त्यासाठी आजींच्या तळघरात एक चिनीमातीची बरणी आहे, माझ्या मांडीपर्यंत येईल एवढी. तिच्या पोटावर जर्मन अक्षरं आहेत. ही बरणी आजींच्या घराण्यातली नाही. व्रोत्सवाफ 1945 पर्यंत जर्मन शहर होतं, ब्रेस्लाऊ. युद्ध संपलं, सीमा पश्चिमेकडे सरकल्या, इथल्या जर्मनांना घरं सोडावी लागली, आणि पूर्वेकडची जी पोलिश माणसं सोव्हिएत हद्दीत अडकली होती त्यांना मालगाड्यांतून या बाजूला आणलं गेलं. त्यांतली पुष्कळ ल्वुफ शहरातली आणि त्याच्या आसपासची. ल्वुफ आज युक्रेनमध्ये आहे, ल्विव म्हणून. तिथून ओसोलिनेउम हा मोठा ग्रंथसंग्रह इथे आला, 114 मीटर लांबीचं रात्स्वावित्सेच्या लढाईचं वर्तुळाकार चित्र आलं, प्राध्यापक आले, आणि आईच्या कडेवर बसून आजी आल्या. वाट्याला आलेल्या घराच्या तळघरात ही बरणी होती. आजींच्या आईने ती घासली, उकळत्या पाण्याने धुतली आणि पहिल्याच शरद ऋतूत तीत कोबी घातला. कुणाची होती, हे त्या घरात कधी कुणी बोललं नाही, पण ती बाहेर काढतानाचा आजींचा हात मी पाहिला आहे. फार सांभाळून काढतात.

दहा किलो कोबीला 200 ग्रॅम मीठ. कोबी चिरायला लांब लाकडी फळीत बसवलेलं पातं असतं. त्यावरून गड्डा पुढेमागे फिरवायचा. चिरलेल्या कोबीत थोडं गाजर, शहाजिऱ्याच्या जातीचे कॅरवे दाणे, आणि मग मूठ वळून चेपायचा. पाणी सुटेपर्यंत, ते पाणी कोबीच्या वर येईपर्यंत. पूर्वी खेड्यात पिंपात उतरून धुतलेल्या पायांनी तुडवत. वर ताटली, ताटलीवर दगड. पहिले काही दिवस घरातच, आणि रोज लाकडी काठीने तळापर्यंत भोकं पाडायची, म्हणजे आतला वायू निघून जातो. नाहीतर कोबी कडवट होतो. त्या दिवसांत जिन्यात वास येतो. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंनी एकदा गॅस गळतीची शंका घेतली होती. वास खरंच सुरेख नसतो, उगाच कशाला कौतुक करा. पण पुढे त्याच कोबीची मूठ तोंडात टाकली की दात शिवशिवतात आणि हात आपोआप परत बरणीकडे जातो.

त्या कोबीचा मोठा मान म्हणजे बिगोस. निम्मा आंबवलेला कोबी, निम्मा ताजा. डुकराचं मांस, जमलं तर गायीचं, धुरावलेलं सॉसेज. भिजवलेल्या रानअळिंब्या आणि त्यांचं काळं पाणी. सुकी प्लम, जुनिपरची दोनचार फळं, ऑलस्पाइस, लॉरेलचं पान. (आपलं तमालपत्र नव्हे, ते निराळ्या झाडाचं, त्याला दालचिनीचा वास.) हे मंद आचेवर तासन्‌तास. मग विस्तव बंद, पातेलं बाल्कनीत. डिसेंबरात बाल्कनी म्हणजे फ्रीजच. दुसऱ्या दिवशी परत शिजवायचं, परत गार करायचं. तिसऱ्या दिवशी कोबी, मांस, प्लम यांतलं कुणी वेगळं ओळखू येत नाही आणि बिगोस तपकिरी, तकतकीत होतो. आदाम मित्स्क्येविचने मायदेशापासून दूर पॅरिसमध्ये बसून ‘पान तादेऊश’ हे महाकाव्य लिहिलं, 1834 मध्ये ते छापलं. त्याच्या चौथ्या सर्गात अस्वलाच्या शिकारीनंतर रानात बिगोसची कढई चढते. शब्दांत ही चव सांगता येत नाही असं म्हणत म्हणत त्याने ती सांगितली आहे. घर सुटलेल्या माणसाला काय आठवतं, ते त्या ओळींत पाहावं. आजींचा बिगोस मात्र महाकाव्यातला नाही. 1981 ते 1989 या काळात इथे मांस कार्डावर मिळायचं, तेव्हा बिगोसमध्ये कोबी किती आणि मांस किती हे सरकार ठरवायचं. ‘कोबी कधी कार्डावर नव्हता,’ आजी म्हणतात, आणि हसतात.

आता पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकळत्या पाण्यात शिजवलेल्या करंज्याच. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्यांत घाई करून चालत नाही. बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करायचे. त्यांच्या निम्म्याने त्फारूग. त्फारूग म्हणजे दूध आधी आपसूक आंबू देऊन, मग हलकं गरम करून, फडक्यात बांधून दाबलेला चोथा. लिंबू पिळून फाडलेल्या पनीरपेक्षा याची चव खोल असते. बघा, बटाट्याच्या सारणातही आंबट लपलेलं आहेच. कांदा बारीक चिरून लोण्यात सावकाश परतायचा, सोनेरी होऊन त्याच्या पुढे एक पाऊल जाईपर्यंत. मिरपूड सढळ हाताने, नुसती भुरभुरवून चालत नाही. हे सारण गार करून त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळून ओळीने मांडून ठेवायच्या.

पारी मैद्याची. मीठ, चमचाभर तेल आणि कढत पाणी. हाताला चटका बसेल इतकं कढत, कारण त्यानेच पीठ मऊ आणि ताणणारं होतं. मळून त्यावर गरम केलेलं भांडं पालथं घालायचं आणि अर्धा तास त्याच्याकडे बघायचं नाही. मग मोठ्या लाकडी फळीवर पातळ लाटायचं आणि पेल्याच्या काठाने चकत्या पाडायच्या. चकतीत गोळी, चकती दुमडली, आणि कडा दाबली. इथेच सगळी परीक्षा आहे. कडेला सारणाचा कण लागला, किंवा पिठीचा हात लागला, की कड चिकटत नाही, आणि उकळत्या पाण्यात ते पिएरोग तोंड उघडतं. आजी आधी कडा चिमटतात, मग अंगठ्याने बारीक मुरड घालत जातात. मुरड घालायला मला कुणी शिकवावी लागली नाही; दिवाळीच्या करंज्यांनी ती माझ्या हातात आधीच घातली होती. पहिल्यांदा माझी मुरड पाहून आजी थबकल्या. पिएरोग उचलून उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं, आणि फळीवर ठेवून म्हणाल्या, ‘तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.’

पिएरोगी एकटीने करायचे नसतात. फळीभोवती चार बायका असाव्या लागतात. एक लाटते, एक चकत्या पाडते, दोघी भरतात, आणि बोलणं कुणाच्याही लग्नावरून कुणाच्याही गुडघ्यावर जातं. खारट पाण्यात सोडले की ते तळाला बसतात. वर तरंगले की आणखी मिनिट-दोन मिनिटं, आणि झाऱ्याने उचलायचे. वर परतलेला कांदा आणि चरबीचे कुरकुरीत तुकडे. इथे माणसं किती पिएरोगी खाल्ले ते मोजतात आणि उघड सांगतात. आजींचा नातू त्या आकड्याची फुशारकी मारतो. उरलेच, तर दुसऱ्या दिवशी लोण्यावर दोन्हीकडून खरपूस भाजायचे. माझ्या मते तेच जास्त चांगले लागतात, आणि म्हणून मी मुद्दाम उरवते.

या बटाटा-त्फारूगच्या पिएरोगींना रुस्क्ये म्हणतात. रशियाशी त्याचा संबंध नाही. पूर्वेकडच्या जुन्या रुथेनियाचं ते नाव, आजींच्या आईच्या मुलखाचं. 2022 नंतर काही हॉटेलांनी पाटी बदलून युक्रेनी पिएरोगी असं लिहिलं. आजींना त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘पाटी हवी ती लावा, कांदा मात्र नीट परता.’

त्या मुलखातून सगळेच काही पश्चिमेला आले नाहीत. सोव्हिएत सत्तेने 1940 आणि 1941 मध्ये तिथून लाखो माणसं सायबेरियाकडे, कझाकस्तानकडे नेली. जुलै 1941 मधल्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झालेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात पोहोचले, आणि 1943 ते 1948 या काळात त्यांतले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, माझ्या गावाला लागून वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ मी लहानपणापासून पाहत आले. त्याच्या सावलीत आम्ही भेळ खाल्ली आहे. छावणी उठली तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना परतायला घर नव्हतं, कारण घर आता दुसऱ्या देशात गेलं होतं. ती इंग्लंडला गेली, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. जिन्यातून खाली-वर करताना माझ्या डोक्यात कधीकधी हा हिशेब येतो : एकाच मुलखातल्या बायका, एकीच्या वाट्याला जर्मन बरणी आली, एकीच्या वाट्याला पंचगंगेचं पाणी.

म्हणून एका उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा काकडी घालून पाहिली. गावठी, बुटकी काकडी, फुलोरा आलेली शेपू, लसूण. ओकचं पान कुठून आणणार? आंब्याचं घातलं, तेही तुरटच. कोल्हापूरच्या मे महिन्यात तीन दिवस वाट पाहायचा प्रश्नच आला नाही. दुसऱ्या सकाळी बरणी फसफसून ओट्यावर पाणी आलं आणि संध्याकाळी काकडी व्रोत्सवाफच्या आठवड्याभरापेक्षा आंबट झाली. उष्णता असली की जिवाणू धावत सुटतात. आंबट लवकर येतं, पण काकडी मऊ पडते. ओल्या फडक्यात गुंडाळून बरणी माठाशेजारी ठेवली तेव्हा कुठे पुढची खेप जमली. आईने एक फोड खाऊन पाहिली. ‘हे लोणचं नव्हे. तेल कुठाय?’ म्हणाली. मग दुसरी घेतली. वळिवड्यात त्या बायकांनाही उन्हाळ्याशी असंच काहीतरी भांडावं लागलं असेल, असं मला बरणी फडक्यात गुंडाळताना वाटून गेलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, विगिलियाला, टेबलावर बारा पदार्थ असतात, आणि त्यांत मांस नसतं. टेबलक्लॉथखाली गवत, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामं. त्या ताटाबद्दल पोलंडवर लिहिणारा प्रत्येकजण लिहितो, म्हणून मी बीटबद्दल लिहिते. डिसेंबरच्या मध्यावर बीट सोलून, चकत्या करून, लसूण, ऑलस्पाइस, लॉरेलच्या पानाबरोबर मीठपाण्यात बुडवून ठेवायचे. बीट पाण्याच्या वर डोकावला तर त्याला बुरशी येते, एवढीच काळजी. आठवड्याने बरणीत माणकाच्या रंगाचं, किंचित दाट पाणी तयार होतं. भाज्या आणि वाळवलेल्या रानअळिंब्यांचं सूप आधी उकळून घ्यायचं, आणि हे पाणी अगदी शेवटी ओतायचं. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं तर रंग विटतो, लाल जाऊन विटकरी येतो, आणि आठवड्याचं काम पाच मिनिटांत जातं. म्हणून त्या संध्याकाळी आजींच्या स्वयंपाकघरात एक माणूस केवळ या बीटच्या सुपावर, बार्श्चवर, लक्ष ठेवायला उभा असतो. या बार्श्चमध्ये अळिंबीचं सारण भरलेल्या नखाएवढ्या घड्या तरंगतात. बाकीच्या अकरांत कार्प मासा आणि हेरिंग असतात, कोबी-अळिंबीचे पिएरोगी असतात, आणि खसखस असते. निळी, आपल्या अनारशांवरच्या पांढऱ्या खसखशीची बहीण; ती दुधात शिजवून यंत्रातून तीनदा काढायची. दोनदा काढली तरी चालेल, हे मी घरी करून पाहिलं आहे, पण आजींच्या घरात बोलायची सोय नाही.

राहिला झुरेक किंवा झुर, राईच्या आंबवलेल्या पिठाचं सूप. राईचं पीठ पाचसहा चमचे, अर्धा लिटर कोमट पाणी, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, लॉरेलचं पान. बरणीवर फडकं. रोज लाकडी चमच्याने ढवळायचं. चारपाच दिवसांत वर पाणी आणि खाली पीठ असे दोन थर पडतात, आणि फडकं उचललं की आंबिलीचा वास येतो. मला तो लगेच ओळखता आला. कोल्हापुरात रेणुकेच्या आंबील यात्रेला घराघरांतून निघणारे डबे असेच घमघमतात. नाचणी-ज्वारीच्या देशात आंबील, राईच्या देशात झुर. गरिबाच्या घरात धान्य, पाणी आणि वेळ एवढंच असतं तेव्हा तिथेही हेच सुचतं. जुन्या काळी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासात लोक रोज झुर आणि हेरिंग खात, आणि इतके कंटाळत की उपास संपताना खेड्यातली पोरं झुराचं मडकं वाजतगाजत नेऊन पुरत किंवा फोडत, आणि हेरिंगला झाडावर फाशी देत. मजा अशी, की पुरलेला हा झुर दोनच दिवसांत ईस्टरच्या न्याहारीला परत टेबलावर येतो. या वेळी त्यात पांढरं सॉसेज, उकडलेलं अंडं, किसलेला ख्शान, सायीची धार, आणि मूठभर वाळलेला मरवा. हो, मरवाच. आपल्याकडे वेणीत आबोलीशेजारी गुंफतात तो. मी पहिल्यांदा झुरेकच्या वाफेवर वाकले तेव्हा मला देवळातल्या गर्दीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बायका आठवल्या. आजी मात्र मरवा तळहातावर चोळून पातेल्यात टाकतात आणि हात एप्रनला पुसतात.

ईस्टरला आजींचा मुलगा आणि सून येतात. सून शिलेशियातली, कातोवित्सेकडची. त्यांच्याकडे झुर कुस्करलेल्या बटाट्याबरोबर खातात. आजींच्या मते झुरेकमध्ये अंडं असतं, बटाटा नसतो; बटाटा घातला की ते आजाऱ्याचं जेवण. सुनेच्या मते बटाट्याशिवाय झुर म्हणजे नुसतं पाणी. कुणीतरी दरवर्षी विषय काढतंच. गेल्या ईस्टरला तो मुलाने काढला, आणि दोघी एकदम माझ्याकडे वळल्या : तू तिसरीच, तुझा कुणाशी नातेसंबंध नाही, तू सांग. मी तोंडात घास असल्याचं निमित्त केलं. माझं मत सुनेच्या बाजूने आहे. आजींना ते अजून सांगितलेलं नाही.